आठ तारीख

मिस्टर हेबलव्हाइट,
मी, थेल्मा ॲक्रिल, घर क्रमांक एकतीस, हल,
हे घर सोडत असल्याची आपणास रीतसर सूचना देते.

इथेच थांबायला हवं होतं.
ग्रंथालयात मंगळवारी सल्ला द्यायला बसतो त्या मुलाने बजावलं होतं:
तारीख, पत्ता, सही. कारण लिहायचं नाही.
कारण देणाऱ्या माणसाशी, म्हणाला, लोक घासाघीस करतात.

पण एकोणीस वर्षं मी कारणंच देत आले.
भाडं दोन दिवस उशिरा का,
खिडकीला चिकटपट्टी का,
मांजर माझं नाही, शेजारचं आहे, येतं आपलं.
(मांजर माझंच होतं. आता नाही.)

आपला करार सहा महिन्यांचा.
सहीच्या वेळी तुमचं पेन उमटेना, मी माझं दिलं,
तुम्ही ते खिशात घातलंत.
तेवढं येणं अजून बाकी आहे.
सहा महिने सरले, कुणीच काही बोललं नाही,
आणि लोकरीचा गुंडा हातातून सुटून
कपाटाखाली जावा, तसा तो करार
महिन्यामागून महिना घरंगळत राहिला.
नऊ तारखेला नवा, आठ तारखेला जुना,
मधे एक शब्द नाही.
नवऱ्याशीही माझं असंच चाललं होतं.
फक्त त्याने सूचना दिली नाही.

मुलाने कॅलेंडरवर पेन्सिल टेकवली:
पुरा एक महिना, आणि शेवट आठ तारखेलाच.
आठ मार्चच्या आत पत्र पोचलं, तर आठ एप्रिलला मोकळ्या.
एक दिवस चुकलात, तर आठ मे.
मी मान डोलावली. आकडे मला कळतात,
बावीस वर्षं धुलाईच्या दुकानात सुटे पैसे मोजलेत.

आठ मार्चला संध्याकाळी तुमच्या दाराशी आले होते.
पत्रपेटीच्या फटीला पाकीट लावलं, अर्धं आत सरकवलंही.
पडदा ओढलेला नव्हता.
तुम्ही टेबलाशी एकटे, अंगात ओव्हरकोट,
डब्यातलं सूप डब्यातूनच खात होता.
ज्या थंडीबद्दल मी तुम्हाला पत्रांवर पत्रं लिहिली
ती थंडी तुमच्याही घरी होती.

पाकीट मी बाहेर ओढलं.
दुसऱ्या दिवशी सकाळी टाकलं, नऊ तारखेला.
तीनशे पंच्याऐंशी पौंडांची दया.
मला मुळीच परवडणारी नव्हती,
आणि तुम्हाला कधी कळणारही नाही.
बहिणीला फोनवर सांगितलं, तारीख चुकली.
ती म्हणाली, तू कायमचीच वेंधळी.

त्या वाढीव महिन्यात तुम्ही प्लंबर पाठवलात.
एकोणीस वर्षं ठिबकणारा नळ
पंचवीस मिनिटांत गप्प झाला,
येणाऱ्या बिऱ्हाडासाठी.
संतापाने मी चहाची बशी फोडली. माझीच होती.
आणि मग रात्री झोप येईना.
ठिबक नाही. दूर बंदराकडचा भोंगा तेवढा.
तीन वाजता उठून नळ थोडासा सैल केला
आणि पडून मोजत राहिले.

आठ मे.
वीजमीटरचा आकडा लिहून घेतला.
ओव्हन आतून घासला, फोटो काढला,
भिंतीवरचे खिळे उपटले, भोकांत टूथपेस्ट भरली,
(हेही त्या मुलानेच सांगितलं, हळू आवाजात).
तुम्ही सगळ्या खोल्यांतून फिरलात, कोट तोच.
नळाशी थांबलात, मूठ करकचून आवळलीत,
काही बोलला नाहीत.

तीन किल्ल्या टेबलावर ठेवल्या.
त्यांची पावती द्या, म्हटलं.
तुम्ही खिसे चाचपलेत, वरचे, खालचे, आतला,
आणि विचारलंत,
मिसेस ॲक्रिल, पेन आहे का?

माझ्या पर्समध्ये दोन होती.
नाही, म्हटलं,
आणि तुम्ही शोधत असेपर्यंत उभी राहिले.